भार खांद्यांवर नको

सिंहगड चढून आल्यावर मान अवघडली, हातांना मुंग्या आल्या, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या ज्येष्ठांना मी त्यांची सॅकही आणायला सांगतो. (छातीत दडपण असेल, तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी हृदय तपासावे लागते.) पुष्कळदा पाठीवर नातवाचे जुने दप्तर निघते आणि सारा भार खांद्यांवर आलेला असतो.

सॅक निवडताना आपली उंची नव्हे, पाठीची लांबी पाहावी. मान झुकवल्यावर तिच्या तळाशी जो मणका ठळकपणे हाताला लागतो, तेथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या पातळीपर्यंतचे अंतर घरच्यांकडून टेपने मोजून घ्यावे. वयोमानाने पाठ वाकते, मणके खचतात. म्हणून जुन्या मापावर विसंबू नये.

दुकानात सॅक रिकामी पारखू नये. तीत दोन-तीन किलो वजन भरावे, सर्व पट्टे सैल करावेत आणि आधी कमरेचा पट्टा आवळावा. तो पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर टेकला पाहिजे. मग खांद्यांचे पट्टे. छातीचा शेवटी, श्वास मोकळा राहील इतपतच.

दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. हाडे ठिसूळ झाली असतील, तर त्यातील बरेचसे सोबतच्या तरुणाने घ्यावे. मात्र काळजीपोटी त्याने सारी सॅकच उचलून पुढे निघू नये. जिभेखाली ठेवायची गोळी, मधुमेह असल्यास साखर, ही ज्याच्या त्याच्या कमरपट्ट्याच्या खिशातच हवी. त्या खिशाची चेन थरथरत्या बोटांनी उघडते का, तेही दुकानातच पाहावे.