अण्णांचं देणं

अण्णा कंपोझिटर होते. बारावीनंतर पुण्यातल्या एका छापखान्यात मी उमेदवारीला लागलो, तेव्हा त्यांनी मला पहिलं काम दिलं ते मजकूर सोडायचं. छापून झालेल्या पानातला एकेक खिळा ओळखून केसमधल्या त्याच्या खणात परत टाकायचा. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या धरून देवनागरीला शेकडो खण लागतात. त्यात खिळ्यावरचं अक्षर उलटं. घ-ध, भ-म हटकून चकवायचे. अण्णा खिळा माझ्या तळहातावर ठेवत आणि म्हणत, "बोटाला विचार."

मित्र आयटीआय करून टेल्कोत चिकटले होते आणि मी संध्याकाळी शिशाने काळी झालेली बोटं घासत बसायचो. राग यायचा.

नव्वदीत डीटीपी आलं आणि खिळे किलोवर भंगारात गेले. मला मुद्रितशोधनाचं काम मिळालं ते त्या रागावलेल्या दिवसांच्या जोरावर. वाचक शब्द वाचतो आणि चूक गिळून पुढे जातो. खिळे सोडणाऱ्याला शब्द दिसतच नाही, सुटं अक्षर दिसतं. मुद्रितशोधकाला नेमकं तेच लागतं. तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं? अण्णांनाही नव्हतं.

आता मागे पाहिलं की सगळं कसं जुळून आल्यासारखं वाटतं. पण हा हिशेब तगलेल्याने मांडलेला आहे. अण्णांचं कसब माझ्या दसपट होतं, फक्त वय पन्नाशीपलीकडचं. ते एका सोसायटीत वॉचमन झाले. दिवाळीला फराळ घेऊन जायचो तेव्हा गेटवरच्या नोंदवहीत लोकांनी लिहिलेल्या नावांचे ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने दुरुस्त करत बसलेले असायचे. फराळाच्या डब्याने काय फिटणार होतं म्हणा!

मी साठीला टेकलोय. एका प्रकाशकाने पहिलं वाचन सॉफ्टवेअरकडे दिलंय. साध्या चुका ते झटकन पकडतं; 'दिन' हवा की 'दीन', इथे अजून अडखळतं. किती दिवस अडखळेल, कोण जाणे.

मुलगी परवा विचारत होती, "बाबा, मराठीत एम.ए. करू का? पुढे काही आहे त्यात?" अण्णांनी मला या धंद्यात पुढे काही आहे असं कधी सांगितलं नव्हतं, नाही असंही नाही. मीही हो-ना काही म्हणालो नाही. टेबलावरच्या प्रुफांतली निम्मी तिच्याकडे सरकवली. गुरुवारी द्यायची होती.