नगराचा अखत्यार

नांदेड नगरपालिकेच्या अध्यक्षपदावर बसलेले शंकरराव चव्हाण 1984 साली देशाचे संरक्षणमंत्री झाले, आणि लातूर नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळलेल्या शिवराज पाटील चाकूरकरांकडे पुढे प्रथम संरक्षण खात्याचे व काही वर्षांनी अणुऊर्जा खात्याचे राज्यमंत्रिपद आले. नळपट्टीच्या दफ्तरापासून अणुऊर्जेच्या दफ्तरापर्यंतचा हा प्रवास ज्या मराठवाड्याने आपल्या डोळ्यांदेखत पाहिला, त्याच मराठवाड्यात ‘अण्वस्त्रांविषयी नगरपालिकेने ठराव करणे म्हणजे अधिकाराबाहेरची उठाठेव होय,’ असे कोणी निःशंकपणे म्हणू लागले की मला मनापासून खेद होतो. कारण हा आक्षेप कायद्याच्या एकाच पानावर बोट ठेवून घेतलेला असतो व दुसरे पान उलटण्याची तसदी कोणी घेतलेली नसते.

पहिले पान सर्वपरिचित आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत पहिली नोंद देशाच्या संरक्षणाची आणि सहावी अणुऊर्जेची आहे, आणि तेथे दिल्लीचा अंमल निर्विवाद आहे. दुसरे पान म्हणजे 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेली बारावी अनुसूची. तीत नगरांकडे सोपविण्याजोगे 18 विषय दिले असून पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, अग्निशमन, दफनभूमी व स्मशाने आणि जन्ममृत्यूची नोंद हे त्यांपैकी काही होत. ही यादी मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला असे वाटते की, अण्वस्त्र आकाशातून खाली येईपर्यंत तो विषय केंद्राचा असेल; परंतु ते पडल्याच्या पुढच्या क्षणी आगीचे, तहानेचे, जखमांचे आणि प्रेतांचे जे जे प्रश्न उभे राहतील, ते सर्व याच यादीत अगोदरच लिहून ठेवलेले आहेत.

अशा प्रश्नांचे स्वरूप लातूर जिल्ह्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच निजलेली असताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी व आसपासचा मुलूख हादरला, दगडमातीच्या जाड भिंतींची आणि माळवदांची घरे निजलेल्या माणसांवर कोसळली, आणि सुमारे 10 हजार माणसे गेली. ज्यांनी पुढचे दिवस पाहिले ते अद्यापही पावसात ओल्या झालेल्या सरपणाविषयी आणि सामुदायिक चितांविषयी बोलताना मध्येच थांबतात. पुढे पंचनामे झाले, मावेजा मिळाला, 52 गावे नव्या जागी वसली. पण या साऱ्या धावपळीच्या मुळाशी असलेली एक गोष्ट आपण गृहीत धरतो. लातूर शहर उभे होते. त्याचे दवाखाने, त्याचे रस्ते, त्याची बाजारपेठ शाबूत होती, नांदेड आणि सोलापूर शाबूत होते, म्हणूनच भाकरी, औषधे आणि माणसे किल्लारीकडे जाऊ शकली. अण्वस्त्राचे लक्ष्य मात्र शहरच असते. ज्याने धावून जायचे त्याचाच त्यात प्रथम अंत होतो.

हिरोशिमात नेमके हेच घडले. 6 ऑगस्ट 1945 रोजी त्या नगराचे महापौर सेन्किची अवाया स्वतः मृत्यू पावले. जॉन हर्सी यांनी 1946 साली लिहून ठेवल्याप्रमाणे शहरातील 150 डॉक्टरांपैकी 65 गेले व उरलेले बहुतेक घायाळ झाले, आणि 1,780 परिचारिकांपैकी 1,654 मृत्यू तरी पावल्या अथवा काम करण्यास असमर्थ ठरल्या. त्या राखेत महापालिकेच्या शिधावाटप विभागाचा प्रमुख शिन्झो हामाई वाचलेल्यांसाठी अन्न मिळवीत हिंडत होता. लोकांनी त्यालाच 1947 साली महापौर म्हणून निवडून दिले आणि त्याच वर्षी 6 ऑगस्टला त्याने नगराच्या वतीने पहिली शांतिघोषणा वाचली. मला या क्रमाचे फार महत्त्व वाटते. जगाला शांततेचे आवाहन करणारा तो महापौर कोणी मुत्सद्दी नव्हता, तो शिध्याचा हिशेब ठेवणारा माणूस होता. 1968 पासून प्रत्येक अणुचाचणीनंतर हिरोशिमाचा महापौर निषेधाचे पत्र धाडीत आला आहे. 1982 साली ताकेशी अराकी या महापौरांनी संयुक्त राष्ट्रांत मांडलेल्या कल्पनेतून शांततेसाठी महापौरांची जी संघटना उभी राहिली, तिच्यात आज भारतातील काही शहरांसह 8 हजारांहून अधिक नगरे आहेत.

इंग्लंडमधील मँचेस्टर नगराने 5 नोव्हेंबर 1980 रोजी स्वतःस अण्वस्त्रमुक्त घोषित केले आणि पाठोपाठ अनेक नगरसभांनी तसे ठराव केले. 1982 मध्ये तेथील सरकारने ‘हार्ड रॉक’ नावाचा नागरी संरक्षणाचा सराव योजिला असता अनेक नगरसभांनी त्यात भाग घेण्याचे नाकारले व तो सराव सरकारला गुंडाळावा लागला. ज्या संकटापासून नागरिकांना वाचविणे अशक्य, त्यापासून वाचविण्याचे नाटक आम्ही करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

महाराष्ट्रात याच्या जवळपास जाणारे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरचे. तेथे माडबन व आसपासच्या ग्रामपंचायतींनी अणुवीज प्रकल्पाच्या विरोधात ठराव केले. वीज आणि अस्त्र यांत भेद आहे आणि तो पाळलाच पाहिजे, परंतु अणूविषयी बोलण्याची पात्रता ग्रामसभेला असते ही गोष्ट कोकणातील त्या गावांनी प्रस्थापित केली. ‘जय जगत’ म्हणणाऱ्या विनोबांनी ग्राम आणि जगत यांचा संबंध जोडला तो याच अर्थाने, असे मी समजतो.

राहता राहिली नगराचा असा अण्वस्त्रविरोधी ठराव विखंडित, म्हणजे रद्द, होण्याची भीती. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 451 अन्वये राज्य शासनास तो अधिकार आहे खरा. पण अशा ठरावात राष्ट्राच्या धोरणाविरुद्ध काय असणार? राजीव गांधींनी 9 जून 1988 रोजी संयुक्त राष्ट्रांपुढे 2010 पर्यंत जग अण्वस्त्रमुक्त करण्याची योजना मांडली होती. 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर 2003 मध्ये जाहीर झालेल्या अण्वस्त्रनीतीतही जागतिक निःशस्त्रीकरणाचे ध्येय कायम आहे. आणि अधिवेशन चालू असताना 6 ऑगस्ट आला तर संसद हिरोशिमाच्या मृतांसाठी मौन पाळते. संसदेने ज्यासाठी उभे राहावे त्यासाठी नांदेडच्या सभागृहाने उभे राहू नये, हे मला पटत नाही.

मात्र केवळ शांततेची स्तुती करणारा ठराव करून थांबू नये, अशी माझी विनंती आहे. त्याला एक जोडपत्र असावे: अग्निशमन दलाकडे बंब किती, भाजलेल्या रुग्णांसाठी साऱ्या शहरात मिळून खाटा किती, स्मशानभूमींत एका दिवसात किती दहने होऊ शकतात, आणि जलशुद्धीकरण केंद्र बंद पडल्यास पाणी कोठून आणणार, याची प्रामाणिक नोंद. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला शेवटच्या प्रश्नाचे गांभीर्य सांगावे लागणार नाही. असे जोडपत्र तयार करण्यास शासनाच्या मंजुरीची गरज नाही, कारण यातील बहुतेक आकडे महापालिकेच्या स्वतःच्या कामकाजाचे आहेत. नांदेड व लातूर या दोन्ही नगरांच्या महापालिकांनी येत्या 6 ऑगस्टपूर्वी ते सभागृहापुढे ठेवावे, आणि ठरावासह त्याची एक प्रत पंतप्रधानांकडे व एक हिरोशिमाच्या महापौरांकडे पाठवावी.