पोटातली तलवार खोडताना

चिनी मुलांना इंग्रजी शिकवताना शब्दार्थांच्या याद्या मला खुपतात त्या ‘श्यूवेई’ या एका शब्दापायी. हिपोक्रिटिकल, इन्सिन्सिअर, टू-फेस्ड, डिसइंजेन्युअस, कोणताही शब्द काढा, पुढे अर्थ तोच: श्यूवेई, खोटा, ढोंगी. तसा तो चूक नाही, पण वाक्य करायला बसलं की कुचकामी. तोंडदेखली माफी इन्सिन्सिअर असते. तेवढ्यावरून मागणारा हिपोक्रिट ठरत नाही. त्यासाठी आधी तत्त्व मिरवावं लागतं आणि मग आपणच ते मोडावं लागतं. सगळं ठाऊक असून साळसूदपणे अर्धवट उत्तर देणं ते डिसइंजेन्युअस. याच्याजवळ एक नि त्याच्याजवळ दुसरं बोलतो तो टू-फेस्ड. खोट नेमकी कुठे आहे, हे प्रत्येक शब्द वेगळं सांगतो.

ती खोट हेरायची नजर या मुलांना त्यांच्या चार अक्षरी म्हणींनी आधीच दिलेली असते. ‘खौ मी फू ज्येन’, तोंडात मध, पोटात तलवार. 8व्या शतकातल्या थांग दरबाराचा प्रधान ली लिनफू समोर गोड बोलायचा आणि पाठीमागे माणसं संपवायचा. ही म्हण त्याच्यावरची. ‘स्मार्मी’ शिकवताना मी हीच फळ्यावर लिहितो आणि तलवार खोडतो. उरतो तो बुळबुळीत गोडवा. स्मार्म म्हणजे तेल चोपडून केस चापून बसवणं. घातपात त्यात नाही.

म्हणींच्या कुबड्या दिल्या की मुलं मनात भाषांतरच करत राहतात, हा आक्षेप खरा आहे. उदाहरणार्थ, हिपोक्रिटला जवळचा शब्द ‘वेई च्युन-त्स’, खोटा सज्जन. मोलिएरचं ‘तार्तुफ’ हे नाटक चिनीत याच नावानं ओळखलं जातं. पण च्युन-त्स हा कन्फ्यूशियसचा आदर्श पुरुष, तर हिपोक्रिटच्या ग्रीक मुळाशी रंगमंचावरचा नट. (आपण तर एका पंथाच्या नावावरून, आणि अन्यायानंच, ‘मानभावी’ केलं.) मात्र हा फरक चिनी शब्द शेजारी ठेवल्यावरच दिसतो, यादी तो झाकून टाकते. मग भेटवस्तू दोनदा नाकारून तिसऱ्यांदा घेणं, ही साधी ‘ख-छी’, रीतभात, तीही इन्सिन्सिअर ठरते.

याद्या छापणाऱ्यांनी निदान प्रत्येक शब्दाला एक सोबती द्यावा: इन्सिन्सिअरला माफी, डिसइंजेन्युअसला उत्तर, स्मार्मीला विक्रेता.