फ्रान्तीचं देणं

ज्या बाईंनी मला फ्रान्तीची गाणी ऐकवली त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांना ते रुचायचं नाही. पण त्यांच्या कपाटातल्या थोड्याशा रेकॉर्डनी मला जे दिलं ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं, असं बरीच वर्षं मनात आहे. माझे वडील माझ्याशी बोलायला लागले ते या रेकॉर्डमुळे. एका इटालियन पंक बँडनं लालबागच्या बाप-लेकाला बोलतं केलं हे ऐकायला विचित्र वाटेल, पण घडलं ते असंच.

मी इटलीतल्या तोरिनोला गेलो पोलितेक्निकोत शिकायला, आणि पुढे तिथेच नोकरीला लागलो. खोली मिळाली बारिएरा दि मिलानोत. शहराच्या उत्तरेकडची ही जुनी कामगारवस्ती. उंच करड्या इमारती, आत चौक, चौकाभोवती लोखंडी कठड्यांचे लांब सज्जे आणि त्या सज्ज्यांवर उघडणारी एकेका बिऱ्हाडाची दारं. चाळीत वाढलेल्या माणसाला ती इमारत परकी वाटलीच नाही. बाई तळमजल्यावर राहायच्या. छापखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या. पहिल्या हिवाळ्यात मी तापानं पडलो तेव्हा त्यांनी दारात सूपचं पातेलं आणून ठेवलं. बरा झाल्यावर पातेलं परत करायला गेलो तो त्यांच्याकडे रात्र पडेपर्यंत बसलो. ‘सिन्योरा’ म्हटलेलं त्यांना खपायचं नाही, आणि आईच्या वयाच्या बाईला नावानं हाक मारणं मला जमणारं नव्हतं. मनातल्या मनात मी त्यांना मावशी म्हणत होतो, तेच एक दिवस त्यांना सांगून टाकलं. त्यांना ते पसंत पडलं.

माझं इटालियन तेव्हा जेमतेम. मावशींनी शिकवायचं मनावर घेतलं आणि पहिलं पुस्तक हातात दिलं ते ‘क्वोरे’. एदमोन्दो दे अमीचिस यांचं हे पुस्तक १८८६ सालचं. तोरिनोतल्या शाळेत जाणाऱ्या एन्रीको नावाच्या मुलाची वर्षभराची रोजनिशी. आपल्याकडे ‘श्यामची आई’ वाचून जशा पिढ्यान्‌पिढ्या रडल्या, तशा तिकडे या पुस्तकावर रडल्या. त्यातली बहुतेक मुलं चांगली आहेत, नाहीतर चांगलं व्हायला धडपडताहेत. फ्रान्ती मात्र वाईट तो वाईटच. मास्तरांना जुमानत नाही, दुबळ्या पोरांना छळतो, आणि सगळा वर्ग गहिवरलेला असताना हा हसतो. शेवटी त्याला शाळेतून काढून टाकतात. साठच्या दशकात उंबेर्तो एको यांनी या फ्रान्तीची स्तुती करणारा निबंध लिहिला. त्या आज्ञाधारक जगाला हसून नकार देणारा हाच एकटा, असा त्याचा रोख. मी पुस्तक संपवलं त्या दिवशी मावशींनी कपाट उघडलं, एक रेकॉर्ड बाहेर काढली आणि म्हणाल्या, “आता आमचा फ्रान्ती ऐक.”

हा फ्रान्ती म्हणजे तोरिनोचा बँड. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात जमलेली ही मंडळी १९८७ पर्यंत एकत्र होती. लाल्ली ही गायिका, सॅक्सोफोन वाजवणारा आणि गाणारा स्तेफानो जाक्कोने, गिटारवर वान्नी पिच्चुओलो, आणि बास-ड्रमवरचे साथीदार. १९८३ ची ‘लूना नेरा’. पुढच्या वर्षी कोन्त्रात्सिओने या हार्डकोर बँडबरोबर वाटून घेतलेली रेकॉर्ड, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते. आणि १९८६ ची ‘इल जार्दीनो देल्ले क्विंदिचि पिएत्रे’, म्हणजे पंधरा दगडांची बाग. क्योटोच्या र्‍योआन-जी मंदिरात अशी बाग आहे. तिच्या ओट्यावर कुठेही बसलं तरी पंधरातला एक दगड नजरेआडच राहतो. फ्रान्तीची गाणी ऐकताना मला पुष्कळदा ती बाग आठवते. सगळं कधीच एका बैठकीत हाती लागत नाही.

हार्डकोर म्हणजे पंकचं आणखी कडक रूप. गाणं मिनिट-दीड मिनिटात आटोपतं, ड्रम धावत सुटतो, गायक गाण्यापेक्षा ओरडतो जास्त. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात तोरिनो, मिलान, बोलोन्या, पिसा अशा शहरांतून हे बँड निघाले आणि त्यांच्या कॅसेट पोस्टानं पार अमेरिकेपर्यंत पोचल्या. तोरिनोतल्या नेगात्सिओनेचं नाव परदेशातही झालं. फ्रान्तीची ऊठबस याच मंडळींत, पण वाजवायचे ते भलतंच. जॅझ, लोकगीताची चाल, कविता म्हटल्यासारखं बोलणं आणि त्यातूनच एकाएकी गिटारचा भडका. त्या काळच्या इटालियन पंकमधलं सगळ्यांत धाडसाचं काम मला हेच वाटतं. वेगाला सरावलेल्या, अंगात वारं भरलेल्या पोरांपुढे उभं राहून दबक्या आवाजात गायला छाती लागते. लाल्लीकडे ती होती. तिचा आवाज खालच्या पट्टीतला, किंचित घोगरा. ओळ संपली तरी ती पुढच्या ओळीची घाई करत नाही.

ती शब्द गिळत नाही, म्हणून मावशींनी माझा धडा तिच्यावरच घ्यायचं ठरवलं. गाण्यांची पुस्तिका माझ्या मांडीवर, एक कडवं ऐकायचं, मग मावशी सुई उचलणार आणि मी ते वाचून दाखवणार. सुईला हात लावायची परवानगी मला नव्हती. रेकॉर्ड त्या दोन तळहातांत कडेनं धरायच्या, खिडकीशी नेऊन उजेडात तिरपी करायच्या. काळ्या तबकडीवर पट्टे दिसायचे. जिथे लाल्ली एकटी गाते तिथला भाग गडद, चकाकता. जिथे गिटार आणि ड्रम एकदम उसळतात तिथे खाचा नागमोडी होतात आणि तो भाग राखाडी दिसतो. पुढचा भडका कुठे येणार हे मला सुई टेकण्याआधी डोळ्यांनी कळू लागलं.

दोन बँडनी एक रेकॉर्ड वाटून घेण्यामागे मैत्री होती, तसा हिशेबही होता. लॅकरच्या तबकडीवर खाच कोरून घेणं आणि तिच्यावरून धातूचे ठसे बनवणं, हा खर्च शंभर प्रती काढा नाहीतर हजार, तेवढाच येतो. तो दोघांत विभागला की निम्मा. कंपनीच्या दारात जायचं नाही, रेकॉर्ड आपण काढायची, आपण विकायची. याला तिकडे आउतोप्रोदुत्सिओने म्हणतात. दुकानातल्या रेकॉर्डवर सिआए या लेखक-प्रकाशकांच्या संस्थेचा शिक्का असायचा. या मंडळींनी त्या शिक्क्याकडे पाठ फिरवली. आओस्ताच्या कीना या बँडच्या गोतावळ्यातलं ब्लू बूस हे छोटं लेबल त्यांच्या पाठीशी होतं. वानकिल्या भागातल्या नागरी केंद्रात तोरिनोच्या पंक मंडळींचे कार्यक्रम व्हायचे. अशा कार्यक्रमांत दाराजवळ टेबल मांडलेलं असे, त्यावर रेकॉर्ड, पत्रकं, पुस्तिका. किंमत खर्च भरून निघेल एवढीच. मावशी तरुणपणी अशा टेबलांमागे बसल्या होत्या. त्यांनी ते वर्णन केलं तेव्हा मला आजोबांची ट्रंक आठवली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाच्या काळातल्या गाण्यांच्या पातळ पुस्तिका त्यांनी तिच्यात जपून ठेवल्या होत्या. सभेच्या कडेला आण्या-दोन आण्यांत घेतलेल्या. कागद पिवळा पडला होता, टाचण्यांना गंज चढला होता, आणि तरी आजोबा त्या कुणाला फुंकर घालू द्यायचे नाहीत.

मावशी पंक का झाल्या, हे मी कधी विचारलं नाही. एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांचे वडील फियाटच्या मिराफियोरी कारखान्यात प्रेस शॉपला होते. १९८० च्या सप्टेंबरात फियाटनं १४,४६९ माणसं काढायचं जाहीर केलं. ३५ दिवस कारखान्याची दारं कामगारांनी अडवून धरली. १४ ऑक्टोबरला फोरमन आणि कारकून मंडळींचा मोठा मोर्चा शहरातून निघाला, आम्हाला कामावर जाऊ द्या म्हणत. चाळीस हजारांचा मोर्चा म्हणून तो आजही ओळखला जातो. त्यानंतर संप कोसळला. काढणं मागे घेतलं गेलं, पण सुमारे २३ हजार माणसांना कास्सा इन्तेग्रात्सिओनेवर, म्हणजे पगाराचा काही भाग देऊन, घरी बसवलं. मावशींचे वडील त्यांत होते. प्रेसच्या धडधडाटानं कान आधीच गेलेले. घरात कुणी कुणाशी बोलेना. “त्या घरापेक्षा मला तो गोंगाट बरा वाटायचा,” मावशी म्हणाल्या.

मी त्यांना त्या दिवशी माझ्या घराचं सांगू शकलो नाही. शब्द नव्हते असं नाही. मला मुळात माहितीच नव्हती. बाबा गिरणीत साचाखात्यात होते, एवढं ठाऊक. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले त्यांत बाबा होते, हेही ठाऊक. संप रीतसर मागे असा घेतला गेलाच नाही, आणि बाबा पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. मी जन्मलो तोवर ते वॉचमनची नोकरी करत होते. साच्यांनी त्यांचेही कान खाल्ले होते. ते मोठ्यानं बोलायचे, पण कामापुरतं. संपाचा विषय निघाला की उठून गॅलरीत जायचे.

आमची मुलगी झाली तेव्हा आई-बाबा तोरिनोला आले. मावशींनी सगळ्यांना खाली जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर त्यांनी कोन्त्रात्सिओनेची बाजू लावली आणि आवाज खूप वाढवला. मला संकोच वाटला. बाबा मात्र खुर्चीवरून उठले, स्पीकरपाशी गेले आणि त्याच्या लाकडी पेटीवर त्यांनी तळहात सपाट टेकवला. गाणं संपेपर्यंत तसेच उभे. मग दुसरं गाणं.

“साचे चाललेत,” बाबा म्हणाले. “अख्खं खातं.”

मी मावशींना ते सांगितलं. त्यांनी रेकॉर्ड उलटली. लाल्लीचा आवाज बाबांपर्यंत पोचेना. हात ठेवूनही काही लागेना. मावशींनी पुस्तिका माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “तू सांग त्यांना.” तेव्हा मी बाबांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन लाल्लीच्या ओळी जमतील तशा मराठीत, ओरडून सांगितल्या. वडिलांच्या कानात मी आयुष्यात कधी एवढं बोललो नव्हतो. आई मुलीला मांडीवर घेऊन आमच्याकडे बघत होती.

ते सगळं ऐकून घेतल्यावर बाबांनी मावशींना विचारलं, “तुमचे वडील कुठल्या खात्यात होते?”

आणि मग ते दोघं बोलत राहिले, मी मधे दुभाषा. बाबांनी सांगितलं की भोंगा बंद झाल्यावरही कित्येक महिने त्यांना पहिल्या पाळीच्या वेळेला जाग यायची. उठून, तोंड धुऊन, डबा भरायला सांगायचे आणि मग आठवायचं. मावशी म्हणाल्या, त्यांचे वडील ओव्हरकोट चढवून पाळीच्या वेळी कारखान्याच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. बाबांनी सांगितलं की आईची खाणावळ होती, बारा-पंधरा गडी जेवायचे. संपात पैसे थांबले तरी तिनं ताटं थांबवली नाहीत, मंगळसूत्र मोडलं. हे मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. आईनं नुसती मान हलवली. एकेक जण गावी गेला तशी ताटं कमी होत गेली, बाबा म्हणाले, आणि शेवटचा गडी गेला त्या दिवशी तिनं मोठी परात विकली. बाबांनी ते मला सांगितलं नव्हतं. मावशींना सांगितलं, मी फक्त भाषांतर केलं. भाषांतर करणाऱ्याला नीट ऐकावं लागतं, अडलं तर पुन्हा विचारावं लागतं, म्हणून मीही विचारत गेलो. पुढे ते मुंबईला परतल्यावर फोनवर मी विचारायचो आणि ते सांगायचे. आज बाबा नाहीत. संपाबद्दल त्यांचं जे काही माझ्यापाशी आहे त्याचा उगम त्या रात्रीत आहे.

मावशी नंतर डोंगरातल्या एका गावी बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना रेकॉर्डचा खोका माझ्याकडे सोपवला. विकायच्या नाहीत, आणि मागेल त्याला ऐकायला द्यायच्या, एवढंच सांगून. या रेकॉर्डना आता संग्राहक भारी पैसे मोजतात. शनिवारी पोर्ता पालात्सोजवळ बालोनचा जुना बाजार भरतो, तिथल्या एका विक्रेत्यानं माझ्याकडे त्या आहेत हे कळल्यावर दोनदा गाठून विचारलं. मी त्याला ऐकायला ने म्हटलं. तो आला नाही. कोन्त्रात्सिओनेबरोबरची रेकॉर्ड सध्या पोलितेक्निकोत शिकणाऱ्या पुण्याच्या एका मुलाकडे आहे. ढोल-ताशा पथकात वाजवलेला पोरगा. ड्रमवाल्याचा हात कुठे थकतो ते त्याला बरोबर कळतं.

मी पुस्तिकांमधल्या ओळी मराठीत उतरवतो आहे. छापण्यासाठी नाही, बाबांना त्या रात्री ओरडून सांगितल्या त्याच ओळी, जरा नीट बसून. ‘पंधरा दगडांची बाग’ची पहिली बाजू झाली आहे. रविवारी संध्याकाळी मावशींना फोन लावतो आणि वाचून दाखवतो. मराठी त्यांना कळत नाही. रेकॉर्ड आता त्यांच्याजवळ नाही, पण ती त्यांना तोंडपाठ आहे. माझी ओळ लाल्लीच्या ओळीपेक्षा लांबली की त्या मधेच थांबवतात, आणि मी एखादा शब्द काढून पुन्हा वाचतो.