ताळा

माझे बाबा पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका कापड दुकानात दिवाणजी होते. रात्री रोजकीर्दीचा मेळ बसल्याशिवाय चपला पायात घालायच्या नाहीत, हा त्यांचा नेम. बेरीज झाली की कागदाच्या कोपऱ्यात ते ताळा घ्यायचे. आकड्यातले अंक मिळवत मिळवत एकच अंक उरवायचा आणि मिळवलेल्या रकमा व बेरीज, दोन्हीकडे तोच येतो का ते पाहायचं. ताळा जमूनही मेळ बसला नाही, तर फरकाला नवानं भागून बघायचे. भाग गेला की म्हणायचे, "कुठंतरी ५४ चे ४५ उतरवलेत, शोध." अंकांची अशी अदलाबदल ताळ्याला सापडत नाही, कारण अंकांची बेरीज तीच राहते. फरकाला मात्र नवानं पूर्ण भाग जातो. कुठली तपासणी कुठली चूक पकडते आणि कुठली सोडते, हे मला त्यांच्याकडून कळलं.

मी तेच काम एक्सेलमध्ये करते. काही गृहनिर्माण सोसायट्या, एक छोटा न्यास, दोन दुकानं. अलीकडे शीटच्या शेजारी एआय सहायक उघडलेला असतो, आणि त्याचे उपकार मी मोकळेपणानं मानते. एकात एक अडकवलेल्या अटींचं सूत्र, ज्यासाठी मी पूर्वी अख्खी दुपार घालवत असे, ते तो चहा निवायच्या आत लिहून देतो. थकबाकीच्या यादीत एकच सभासद तीन तऱ्हांनी लिहिलेला असला, तर तिन्ही नावं शेजारी आणून ठेवतो. (सोसायटीची यादी देताना खऱ्या नावांच्या जागी क्रमांक घालते आणि मोबाइल नंबरांचा रकाना आधी काढून टाकते. लोकांनी ते सोसायटीला दिलेले असतात, मला वाटायला नव्हे. तीन तऱ्हांची नावं जुळवायची असतील तेव्हा नावांचा रकाना एकटा देते, त्याच्याशेजारी रक्कम नाही की फ्लॅट नाही.)

पण सहायकाची खरी ओळख मला झाली ती घरच्या एका तक्त्यावर.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा नारायण पेठेतलं आमचं घर पाण्यात गेलं. मी त्यानंतरची. पण आमच्या घरी पावसाळ्यात पेपर आला की आधी धरणांतल्या साठ्याचा आकडा वाचला जाई. आई तो कात्रणवहीत चिकटवायची, पुढे मी चिकटवू लागले. आता ते सगळं शीटवर उतरवते आहे. तारीख, मग खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, आणि शेवटी एकूण.

परवा सहायकाला सांगितलं, "चारही धरणांची सरासरी टक्केवारी काढ." त्यानं काढली. आकडा डोळ्यांना खटकला. प्रकार लक्षात यावा म्हणून सोपे आकडे घेते. समजा, खडकवासला ९० टक्के भरलं आहे, पानशेत ५०, वरसगाव ४०, टेमघर ३०. चौघांची बेरीज करून चारनं भागलं तर साडेबावन्न टक्के येतात. पण ही चार भांडी सारखी नाहीत. खडकवासल्याचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट), पानशेतचा १०.६५, वरसगावचा १२.८२, टेमघरचा ३.७१, मिळून २९.१५. प्रत्येकात प्रत्यक्ष किती पाणी आहे ते काढून मिळवलं तर १३.३४ टीएमसी भरतं, म्हणजे ४५.७६ टक्के. साडेबावन्न टक्क्यांचे झाले असते १५.३० टीएमसी. फरक १.९६ चा. काठोकाठ भरलेलं एक खडकवासला कागदावर जास्तीचं उभं राहिलं, आणि त्यात पाण्याचा थेंब नाही.

सहायकानं मी सांगितलं तेच केलं होतं. कोणतं धरण केवढं, हे त्या शीटवर कुठंच लिहिलेलं नव्हतं. पुण्यातल्या माणसाला खडकवासला लहान आणि वरसगाव मोठं हे सांगावं लागत नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. तक्ता नीटनेटका करायला सांगितलं, तर त्यानं रिकाम्या चौकटींत शून्य भरून दिलं. आलेख काढला तेव्हा दर वर्षी ऑगस्टच्या मध्यावर रेष तळाला जाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा वर आलेली. १६ ऑगस्ट! १५ ऑगस्टच्या सुट्टीमुळे दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पेपर येत नाही, म्हणून आईच्या वहीत त्या दिवशी कात्रण नाही. तिनं तिथं नुसती तारीख लिहून जागा सोडलेली आहे. आणि याच तक्त्यात टेमघरच्या रकान्यात काही उन्हाळ्यांतली शून्यं अगदी खरी आहेत. २०१६ मध्ये त्या धरणाच्या भिंतीतून मोठी गळती होत असल्याचं उघड झालं आणि दुरुस्तीसाठी ते रिकामं करावं लागलं. एक शून्य म्हणजे धरणात पाणी नाही, दुसरं म्हणजे दारात पेपर नाही. चौकटीत दोन्ही सारखीच दिसतात.

तेव्हापासून मी कामाची रीत बदलली. आधी तक्त्याबद्दल चार ओळी लिहून देते: कुठल्या रकान्यात काय आहे, एकक कोणतं, उपयुक्त साठा की एकूण, रिकामी चौकट म्हणजे काय, तारखेत आधी दिवस आहे की महिना. ५ जुलैचा ७ मे बिनबोभाट होतो. १३ तारखेपासून पुढे तसं करता येत नाही, म्हणून तिथं तारीख नुसता मजकूर होऊन चौकटीत डावीकडे सरकते. रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की मी तिथंच थांबते.

आणि सहायकाकडे मी उत्तर मागत नाही, सूत्र मागते. भाषेवर शिकलेलं हे यंत्र पुढचा शब्द जुळवण्यात तरबेज आहे. लांबलचक बेरीज तोंडी सांगायला लावली तर चुकीचा आकडाही तेवढ्याच ठामपणे सांगू शकतं. सूत्र चौकटीत समोर राहतं, त्यावर बोट ठेवता येतं, उद्या माझ्यामागून येणाऱ्यालाही ते वाचता येतं. सूत्र आलं की तीन ओळी मी हातानं करून बघते, पहिली, शेवटची आणि मधली एक विचित्र. मग ओळी मोजते, देताना किती होत्या आणि परत आल्या किती. २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये करोनाचे जवळपास १६ हजार रुग्ण नोंदीतून गळाल्याचं उघड झालं; जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढच्या ओळी मावत नाहीत. त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर कुणी कळवलं नाही. ओळी मोजायला मिनिटही लागत नाही.

हा ताळा मी सहायकावर सोपवत नाही. त्यानं "तपासलं, बरोबर आहे" म्हटलं तरी नाही. बाबाही स्वतःची बेरीज दुसऱ्या बाजूनं, खालून वर, पुन्हा करायचे.

शीटवरच्या १६ ऑगस्टच्या ओळी मी पुन्हा रिकाम्या केल्या आहेत. जलसंपदा खात्याच्या नोंदींतून मिळेल तसा एकेक आकडा हातानं भरेन, आणि तो पेपरातला नाही हे शेजारच्या रकान्यात लिहीन. तुमच्या घरी अशी एखादी वही असेल, पावसाची, दुधाची, भिशीची, तर ती यंत्राला देण्याआधी लिहिणाऱ्या माणसाजवळ बसून विचारून घ्या, इथं जागा का सोडली आहे. माझ्या आईला हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. पेपरला सुट्टी नव्हती अशा आणखी अकरा दिवसांची कात्रणं वहीत का नाहीत, ते मला आता कळायचं नाही.