तिरुपूरच्या चिंध्या आणि माझी पिशवी

तुमच्या कपाटातल्या टी-शर्टचं गाव कोणतं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? बऱ्याचदा त्याचं उत्तर तिरुपूर असतं. तामिळनाडूत, कोइम्बतूरपासून साधारण ५० किलोमीटरवर, नोय्यल नदीच्या काठी हे शहर आहे. बनियन, टी-शर्ट, लहान मुलांचे कपडे इथे तयार होतात आणि देशोदेशी जातात.

माझ्या मैत्रिणीचं सासर तिरुपूरचं. डिसेंबरमध्ये मी तिच्याकडे गेले, तेव्हा डोक्यात फक्त खरेदी होती. रेल्वे स्टेशनजवळच्या खादरपेटच्या बाजारात एक्स्पोर्टचा उरलेला माल स्वस्तात मिळतो. पहिल्याच दिवशी मी नऊ टी-शर्ट घेतले. नऊ!

कात्रणांचं गोदाम

दुसऱ्या दिवशी मैत्रीण मला कात्रणांच्या गोदामात घेऊन गेली. कपडे बेतताना उरलेल्या तुकड्यांचा छतापर्यंत ढीग, आणि त्यापुढे बसून तुकडे निवडणाऱ्या बायका. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, कारण पांढऱ्याला भाव जास्त. गॅरेजमध्ये हात पुसायला जे मऊ कापड असतं ना, तेही अशाच कात्रणांतून येतं.

तिथल्या एका अक्कांच्या शेजारी जाड दोऱ्याची पिशवी होती. दोरा कसला? कात्रणांच्या पट्ट्यांचा! मला तामिळ येत नाही, पण ‘अक्का’ हा शब्द आपल्याकडेही आहे, त्यामुळे ओळख पटकन झाली. त्यांनी एक पट्टी उचलून दोन्ही हातांनी ताणली. पट्टीच्या कडा आत वळल्या आणि गोल दोरा तयार झाला. होजिअरीच्या कापडाची ही गंमत आहे. साडीची किंवा शर्टाची पट्टी अशी वळत नाही.

परतताना आम्ही नोय्यलच्या पुलावर थांबलो. रंगाईच्या पाण्यानं ही नदी वर्षानुवर्षं खराब झाली आणि खालच्या भागातल्या शेतीचंही नुकसान झालं. २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं इथले रंगाईचे कारखाने बंद करावे लागले. आता रंगाईचं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचं, बाहेर सोडायचं नाही, असा नियम आहे. पुलावर उभी असताना मला माझे ते नऊ टी-शर्ट आठवले. स्वस्त मिळाले म्हणून घेतले होते, पण त्यांची किंमत कुणीतरी आधीच मोजली होती.

घरी करून बघा

घरी आल्यावर बाबांचे जुने पाच टी-शर्ट काढले. तुम्हीही करू शकता. काखेखालचा भाग घ्या आणि तळाची शिवण कापून टाका. बाजूला शिवण नसलेला, छपाई नसलेला टी-शर्ट उत्तम, कारण छपाई असेल तिथे पट्टी नीट वळत नाही. एका बाजूची ३ सेंटीमीटर कड न कापता ठेवून अडीच सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. मग ती कड उलगडून तिरकी कापत गेलात, की एकच लांब पट्टी मिळते. ती ताणा आणि गुंडा करा.

१२ मिलिमीटरच्या जाड सुयांवर २० टाके घाला. सगळे सुलटेच विणा. साधारण ७० सेंटीमीटर लांबी झाली, की टाके बंद करा. दुमडून दोन्ही बाजू शिवा आणि पाच टाक्यांचे दोन बंद विणून जोडा. झाली पिशवी!

माझी पहिली पिशवी फसली, बरं का. टाके सैल पडले आणि दोन किलो बटाटे भरताच ती गुडघ्यापर्यंत लोंबली. आईनं पोटभर हसून घेतलं, मग जुन्या साडीचं अस्तर लावून दिलं. गोधड्या शिवणाऱ्या आजीची लेक ती, तिला चिंध्यांचं काय नवल!

आता ती पिशवी आईच भाजीला नेते. बाबा मात्र रोज दारात थांबून पिशवीवर बोट ठेवतात, “हा निळा पट्टा आमच्या ऑफिसच्या पिकनिकचा.”

एका पिशवीनं नदी स्वच्छ होत नाही, हे मलाही कळतं. पण पाच टी-शर्ट हातानं कापून, विणून पाहिले, की सहावा घेताना हात जरा थांबतो. त्या नऊनंतर मी एकही नवा घेतलेला नाही. तुम्हीही पुढच्या खरेदीआधी एकदा कपाट उघडून बघा. तुमची पिशवी कदाचित तिथेच घडी घालून ठेवलेली असेल.