वैशाखातील तुळस

बडोद्यात वैशाख तापला, की न्यायालयास उन्हाळी सुटी लागते आणि आम्हांस श्रीमंगेशाच्या दर्शनाचे वेध लागतात. मागे राहते ती गच्चीवरील कुंडीतली तुळस. मातुःश्रींनी गोव्याहून आणलेल्या रोपाचा तो वंश. मातुःश्री आता नाहीत.

गतवर्षी आम्ही कुंडी पाण्याने भरलेल्या परातीत ठेवून निघालो. बारा दिवसांनी परतलो, तो परात कोरडी आणि तुळस काळवंडलेली! आरंभी मुळे साचल्या पाण्यात गुदमरली. परात आटताच उरलीसुरली करपली. दुसऱ्या कोणावर ठपका ठेवण्याची सोय नव्हती, आरोपी आम्हीच. मातुःश्रींच्या शिरस्त्याने मंजिऱ्या डबीत जपल्या होत्या, एवढेच दैव. पहिल्या पावसात त्या चुरडून पेरल्या.

यंदा फाल्गुनात रोप मोठ्या कुंडीत हलविताना पिंडीवर टांगतात ती गळती आठवली. थेंब थेंब! रोपाशेजारीच एक बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत पुरले, भरले, झाकले. माती सुकेल तसे ते पाझरते. ओली असल्यास हात आखडता घेते. निघण्यापूर्वी परीक्षा घेतली, तर तीन दिवसांत मडके रिकामे! मग कुंडी पूर्वेच्या ओट्यावर सावलीत उतरविली, मातीवर वाळका पाला पसरला. आता ते सहा दिवस पुरू लागले. सातव्या दिवशी ते भरण्याचे मुखत्यारपत्र, अर्थात तोंडी, शेजारच्या काकूंस दिले.

परतल्यावर कुलूप उघडण्याआधी ओट्याकडे गेलो. तुळस हिरवी होती. काकूंनी खाली रांगोळीही काढली होती.